मराठी मजकुराची कागदपत्रे टिफ आणि बीएमपीमध्ये बदलताना : कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वर्डमध्ये किंवा पेजमेकरमध्ये तयार केलेला मराठी मजकूर टिफ, बीएमपी किंवा क्वचित पीसीएक्स या जुन्या चित्र-प्रकारांत करून देण्याचे काम लातूर, नांदेड, परभणीकडच्या टायपिंग केंद्रांत आणि संस्थांच्या दप्तरांत आजही येत राहते. घेणाऱ्या कार्यालयातील दस्तऐवज-प्रणाली जुनी असते आणि ती पीडीएफ स्वीकारत नाही, एवढेच त्यामागचे कारण असते. काम वरवर सोपे दिसते, म्हणून ते घाईने केले जाते आणि तक्रारी नंतर येतात. शिरोरेषा तुटलेली असते, गट क्रमांकातील १ हा ९ वाचला जातो, बारा पानांपैकी एकच पान पोहोचते, किंवा श्रीलिपीत टंकलेल्या पत्राच्या जागी इंग्रजी चिन्हांची रांगोळी उमटते.

यातील बहुतेक चुका सॉफ्टवेअरच्या नसून क्रमाच्या असतात. चित्र करताना अक्षराचे एकदा ठिपके झाले की संगणकाच्या लेखी ते अक्षर उरत नाही. त्यानंतर फॉन्ट बदलता येत नाही, जोडाक्षर सुधारता येत नाही आणि आकार वाढवला तर केवळ ठिपके मोठे होतात. म्हणून अक्षरांशी संबंधित प्रत्येक निर्णय ठिपके करण्यापूर्वी आणि ठिपक्यांशी संबंधित प्रत्येक निर्णय काळे-पांढरे करण्यापूर्वी घ्यावा लागतो. पुढील टप्पे याच क्रमाने दिले आहेत आणि ते मागेपुढे करू नयेत.

टप्पा १ : घेणाऱ्याची अट आधी लेखी घ्यावी

"टिफ करून द्या" एवढा निरोप पुरेसा नसतो, कारण टिफ हा एक प्रकार नसून अनेक प्रकारांना सामावणारा डबा आहे. त्यात रंगीत चित्रही बसते आणि फॅक्सचे काळे-पांढरे पानही बसते. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी पाच गोष्टी विचारून घ्याव्यात: रंगीत, करडे की निव्वळ काळे-पांढरे, रिझोल्यूशन किती डीपीआय (एका इंचात किती ठिपके), कॉम्प्रेशन (फाइल लहान करण्याची पद्धत) कोणते, सर्व पाने एका फाइलमध्ये की प्रत्येक पानाची वेगळी फाइल, आणि फाइलच्या आकारावर मर्यादा आहे का.

समोरच्या लिपिकाला यातले काही सांगता आले नाही, तर त्यांच्या प्रणालीत आधीपासून व्यवस्थित उघडणारी एक जुनी फाइल मागून घ्यावी. ती इरफानव्ह्यू या चित्रे पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून माहितीची चौकट काढली की रुंदी, उंची, रंगांची संख्या, डीपीआय आणि कॉम्प्रेशन ही सर्व उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात. तोंडी माहितीपेक्षा ही नमुना फाइल मला नेहमी अधिक भरवशाची वाटते.

अट मुळीच मिळाली नाही आणि कागद केवळ मजकुराचा असला, तर काळे-पांढरे, ३०० डीपीआय, ग्रुप ४ (काळ्या-पांढऱ्या पानांसाठीचे) कॉम्प्रेशन आणि अनेक पानांची एकच टिफ हा पर्याय जुन्या दस्तऐवज-प्रणालींना सहसा चालतो.

टप्पा २ : फॉन्टचा बंदोबस्त

कागद ज्या संगणकावर टंकला गेला, त्याच संगणकावर हा टप्पा पार पाडावा. श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीचा मागमूस राहत नाही. वर्डची फाइल पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या दुकानात "तिथे करून घेऊ" म्हणणे ही इथली सर्वांत मोठी चूक आहे.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. अनेक जण असा मजकूर चित्र करण्यापूर्वी परिवर्तकाच्या साह्याने युनिकोड या सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षर-संकेतनात आणतात. चित्राला कोणत्याही संकेतनाशी देणेघेणे नसल्यामुळे या कामासाठी त्याची मुळीच गरज नसते, आणि परिवर्तनात रफार सरकणे, 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' बिघडणे, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाणे असे दोष मात्र नव्याने शिरतात. मूळ फॉन्ट हाताशी असेल तर मजकूर जसा आहे तसाच ठेवावा.

मजकूर आधीच युनिकोडमध्ये असेल तर तीन खुणा पाहाव्यात. मात्रा किंवा वेलांटीखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसत असेल, तर अक्षरांचा क्रम चुकला आहे किंवा त्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. जुन्या फॉन्टमध्ये 'ॲ' बाबत असे हमखास घडते. 'ल' आणि 'श' यांची वळणे अचानक बदललेली दिसली, तर संगणकाने गुपचूप दुसरा फॉन्ट घेतला आहे असे समजावे. जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसू लागली असतील, तर ते सॉफ्टवेअर मराठी अक्षरांची जुळणीच करत नाही आणि तेथून पुढे जाण्यात अर्थ नाही.

मराठवाड्यातील महसुली आणि वारसाहक्काच्या कागदांत आणखी एक अडचण येते. खासरा पत्रकाच्या किंवा निजामकालीन नोंदीच्या देवनागरी लिप्यंतरासोबत मूळ उर्दू ओळ, कधी मोडी ओळही टंकलेली असते. उर्दू नस्तालिक वळणाच्या फॉन्टमध्ये असेल तर तिचे नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, अतिशय लहान असतात आणि एक नुक्ता गळाला तरी नाव बदलते. अशी ओळ आजूबाजूच्या देवनागरीपेक्षा दोन-चार पॉइंटांनी मोठी ठेवावी आणि ती उजवीकडून डावीकडेच जुळली आहे याची खात्री उर्दू वाचणाऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी. मोडी युनिकोडमध्ये टंकलेली असेल तर नोटो सान्स मोडीसारखा फॉन्ट त्या संगणकावर बसवलेला असल्याशिवाय तिथे केवळ रिकाम्या चौकटी दिसतील.

टप्पा ३ : पानाचा आकार, रेषा, छटा आणि सह्या

पानाचा आकार आताच ठरवावा. ए४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचे, तर लीगल पान ८.५ बाय १४ इंचांचे, म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर उंच असते. लीगल पानावर टंकलेला कागद पुढे कुठेतरी "पानात बसवा" या पर्यायाने ए४ केला, तर अक्षरे सुमारे ८३ टक्क्यांवर येतात आणि १२ पॉइंटचा मजकूर १० पॉइंटचा होतो. आकार बदलायचाच असेल तर तो वर्डमध्येच बदलावा आणि ओळी नव्याने कशा तुटल्या हे वाचून घ्यावे.

तक्त्यांच्या रेषा बारीक असतील तर जाड कराव्यात. पाव पॉइंटची रेषा ३०० डीपीआयला जेमतेम एका ठिपक्याएवढी असते आणि २०० डीपीआयला तीही पूर्ण भरत नाही, त्यामुळे काही रेषा उमटतात, काही गायब होतात. पाऊण पॉइंटची रेषा ३०० डीपीआयला तीन ठिपके घेते आणि टिकते.

तक्त्याच्या मथळ्यांमागील करडी छटा काढून टाकावी. काळ्या-पांढऱ्या रूपांतरात ती एकतर पूर्ण काळी होऊन मथळा गिळते किंवा ठिपक्यांची जाळी होऊन अक्षरांत मिसळते. जाळीचा दुसरा तोटा असा की ग्रुप ४ कॉम्प्रेशन सलग पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर चालते आणि जाळी असलेले पान आकसण्याऐवजी मूळ आकारापेक्षाही फुगू शकते. हाच नियम पानामागील फिकट बोधचिन्हांना आणि "प्रत" अशा जलचिन्हांनाही लागू आहे. शोभा जाते हे खरे, पण वाचता येणे महत्त्वाचे आहे.

मजकुरात निळ्या शाईची स्कॅन केलेली सही किंवा जांभळा शिक्का चिकटवलेला असेल, तर तो आधी गडद करून मग बसवावा. फिकट निळी सही काळ्या-पांढऱ्या पानावर अर्धी उडते.

*इशारा :* कागदावर डिजिटल स्वाक्षरी असेल तर चित्र झाल्यावर ती केवळ दिसते. तिची पडताळणी करता येत नाही. असा उतारा टिफ करून देताना मूळ डिजिटल प्रत सोबत द्यावी आणि हे घेणाऱ्याला सांगावे.

टप्पा ४ : मधली पायरी म्हणून पीडीएफ

वर्डमधून थेट चित्र काढण्याचा मोह टाळावा. पडद्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, घेऊन तो टिफ म्हणून जतन करणारे बरेच जण आहेत. पडद्यावर साधारण ९६ डीपीआयला १२ पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला उंचीचे अवघे १६ ठिपके येतात, तेच अक्षर ३०० डीपीआयला ५० ठिपक्यांचे होते. सोळा ठिपक्यांत शिरोरेषा, रफार, अनुस्वार आणि रुकार बसवायचे म्हटल्यावर काय होणार हे सांगायला नको.

वर्ड किंवा लिब्रेऑफिसमधून पीडीएफ निर्यात करावी, पेजमेकरमधून पीडीएफ-प्रिंटरवर छापावे. एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्यात उघडून पीडीएफ करू नये. वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की ओळी सरकतात, पानांची संख्या बदलते आणि "पान ३ पाहा" असा मजकुरातील उल्लेख चुकीचा ठरतो.

पीडीएफ झाल्यावर तिच्या गुणधर्मांच्या चौकटीत फॉन्टची यादी उघडावी. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे तो फाइलमध्ये अंतर्भूत असल्याची नोंद दिसली पाहिजे. काही फॉन्टना अंतर्भूत होण्याची परवानगीच नसते. अशा वेळी वर्ड तो मजकूर स्वतःच ठिपक्यांत बदलून पीडीएफमध्ये टाकू शकते. पीडीएफ ८०० टक्के मोठी करून पाहावी. अक्षरांच्या कडा गुळगुळीत राहिल्या तर ठीक, करवतीच्या दात्यांसारख्या दिसल्या तर फॉन्ट बदलूनच पुढे जावे.

या पीडीएफमधून मजकूर कॉपी करून पाहिल्यास तो विस्कळीत येण्याची शक्यता असते. त्याने घाबरू नये. आपल्या कामासाठी अक्षर बरोबर *दिसणे* एवढेच पुरेसे आहे.

*इशारा :* मोफत परिवर्तन करून देणाऱ्या संकेतस्थळांवर आधार क्रमांक, जमिनीच्या नोंदी किंवा कर्जाची कागदपत्रे चढवू नयेत. खासगी माहिती बाहेर जाते हे एक कारण, आणि वर्डची फाइल चढवली तर तिथल्या संगणकावर आपला मराठी फॉन्ट नसतो हे दुसरे.

टप्पा ५ : एक चाचणी पान

शंभर पानांचे काम असो वा पाचाचे, सगळे रूपांतर सुरू करण्यापूर्वी एकच चाचणी पान तयार करून ते सर्व टप्प्यांतून न्यावे. त्या पानावर कागदातील सर्वांत लहान अक्षर, सर्वांत बारीक रेषा आणि एखादी सही असावी. त्यात गावांची एक ओळही टंकावी: घनसावंगी, धर्माबाद, भोकर, मुखेड, खुलताबाद, फुलंब्री, औंढा, पूर्णा, आष्टी, कळंब. या ओळीत रूपांतरात फसणाऱ्या बहुतेक गोष्टी आपोआप येतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील फरक शिरोरेषेच्या एका लहानशा तुटीवर अवलंबून असतो. ठिपके कमी पडले की ती तूट बुजते किंवा नको तिथे नवी पडते. 'खुलताबाद'मधील 'ख'चे दोन भाग सुटले तर 'रव' वाचला जातो. 'ष्ट'मधील तिरकी रेघ गेली की 'प'चा भास होतो, 'पूर्णा'वर रफाराची परीक्षा होते आणि 'कळंब'वर अनुस्वाराची.

त्याच्या खाली आकड्यांची ओळ द्यावी: १, ९, ५, ६, ०, ३ आणि पूर्णविरामानंतरचा शून्य. गावाचे नाव संदर्भाने ओळखता येते, पण गट क्रमांक चुकला तर तो ओळखण्याचा दुसरा मार्ग नसतो.

टप्पा ६ : पीडीएफचे ठिपके करणे

रिझोल्यूशन ठरवण्याची वेळ ही आहे आणि ती पुन्हा येत नाही. साध्या १२ ते १४ पॉइंटच्या मजकुराला ३०० डीपीआय पुरते. मजकूर १० पॉइंटपेक्षा लहान असेल किंवा उर्दू अथवा मोडी ओळी असतील तर ४०० डीपीआय घ्यावे, मात्र घेणाऱ्याची प्रणाली ते स्वीकारते का हे आधी विचारावे. २०० डीपीआय केवळ अटच तशी असेल तर.

गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडताना एक चौकट येते. तिच्यात रिझोल्यूशनचा आकडा स्वतः भरावा, कारण आपोआप भरलेला आकडा बहुधा फार कमी असतो. पाने वेगवेगळी चित्रे म्हणून न उघडता लेयर (एकाच फाइलमधील थर) म्हणून उघडावीत आणि पारदर्शक भाग पांढऱ्याने भरण्याचा पर्याय दिसत असेल तर तो चालू ठेवावा.

पाने पन्नासाच्या वर असतील तर गिंप जड जातो. तेव्हा घोस्टस्क्रिप्ट हे टंकलेल्या आज्ञेने चालणारे सॉफ्टवेअर वापरावे. त्याच्या आज्ञेत आउटपुटचे उपकरण म्हणून टिफजी४, रिझोल्यूशन म्हणून ३००, निघणाऱ्या फाइलचे नाव आणि मूळ पीडीएफ एवढे द्यावे लागते. हे सर्व इंग्रजी लहान अक्षरांत आणि सूचनापुस्तिकेत जसे आहे तसेच लिहावे. नावात टक्केचिन्ह व पानक्रमांकाची खूण घातली की प्रत्येक पानाची वेगळी फाइल निघते, न घातल्यास सगळ्या पानांची एक. हे उपकरण ठिपके करणे, काळे-पांढरे करणे आणि कॉम्प्रेशन ही तिन्ही कामे एका दमात उरकते, म्हणून पुढील दोन टप्पे वेगळे करावे लागत नाहीत. मात्र करड्या रंगाचा मजकूर ते ठिपक्यांच्या जाळीत बदलते. म्हणून घोस्टस्क्रिप्टकडे जाण्यापूर्वी सगळा मजकूर शुद्ध काळ्या रंगात आहे का हे पाहणे बंधनकारक समजावे. निळ्या रंगातील ईमेलचे पत्ते आणि करड्या रंगातील पानक्रमांक इथेच दगा देतात.

*तपासणी :* ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे झाले पाहिजे, लीगल पान २५५० बाय ४२०० चे. आकडा एखाद-दुसऱ्या ठिपक्याने इकडेतिकडे चालेल. तो ८२७ बाय ११७० च्या आसपास आला असेल, तर रिझोल्यूशन १०० राहिले आहे. अशा वेळी चित्र मोठे करून भागत नाही. पीडीएफ पुन्हा उघडावी लागते.

टप्पा ७ : काळे-पांढरे करणे

सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यावर होते, म्हणून इथे वेळ द्यावा.

पीडीएफमधून आलेल्या चित्रात अक्षरांच्या कडांना करड्या छटा असतात. काळ्या-पांढऱ्या चित्रात प्रत्येक ठिपका एकतर काळा असतो किंवा पांढरा, त्यामुळे प्रत्येक करड्या ठिपक्याचा निकाल लावावा लागतो. तो दोन पद्धतींनी लावता येतो. एका पद्धतीत, म्हणजे डिदरिंगमध्ये, करडेपणाचा भास निर्माण करण्यासाठी ठिपके विखरून टाकले जातात. ही पद्धत फोटोसाठी ठीक आहे, पण मजकुरासाठी घातक आहे, कारण अक्षरांच्या कडांना धूळ बसल्यासारखी दिसते आणि अनुस्वाराशेजारी खोटे अनुस्वार उगवतात. दुसऱ्या पद्धतीत एक मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, ठरवली जाते. तिच्यापेक्षा गडद ते काळे, फिकट ते पांढरे. मजकुराला हीच पद्धत योग्य.

अडचण अशी की अनेक सॉफ्टवेअरमध्ये डिदरिंग आपोआप चालू असते. इरफानव्ह्यूमध्ये रंगांची संख्या दोनवर आणताना फ्लॉइड-स्टाइनबर्ग नावाच्या डिदरिंगची खूण काढावी. गिंपमध्ये चित्राचा मोड इंडेक्स्ड (ठरावीक रंगांचा) करताना एक-बिट, म्हणजे दोनच रंगांची, काळी-पांढरी रंगपट्टी निवडावी आणि डिदरिंग "काही नाही" वर ठेवावे.

थ्रेशोल्डचा आकडा ० ते २५५ या मापात साधारण मध्यावर, १२७ च्या आसपास असतो. गिंपमध्ये हा आकडा वाढवला की अधिक करडे ठिपके काळ्यात जमा होतात आणि अक्षर जाड होते, कमी केला की अक्षर बारीक होते. शिरोरेषा तुटत असेल, रफार आणि चंद्र अर्धवट दिसत असतील तर आकडा थोडा थोडा वाढवून १५० ते १७० पर्यंत न्यावा. उलट 'ब'मधील रेघेभोवतीची पोकळी भरून 'ब' आणि 'व' सारखेच दिसू लागले, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचे काळे गोळे झाले, तर आकडा खाली आणावा. दोन्ही दोष एकाच वेळी दिसत असतील तर थ्रेशोल्डशी खेळत बसू नये. ते रिझोल्यूशन अपुरे असल्याचे लक्षण आहे आणि टप्पा ६ वर परत जाणे हाच उपाय आहे.

बारीक वळणाच्या फॉन्टसाठी आणखी एक सोपा उपाय आहे आणि तो लोकांना सुचत नाही, याचे मला नवल वाटते: वर्डमध्येच मजकूर एका पॉइंटने मोठा करावा किंवा थोड्या जाड वळणाचा फॉन्ट घ्यावा. मूळ कागद आपल्याकडे असताना ठिपक्यांशी झुंजण्याचे कारण नाही.

*इशारा :* गिंपमधील थ्रेशोल्डची आज्ञा निवडलेल्या लेयरवर चालते, संपूर्ण फाइलवर नाही. पहिले पान सुधारले आणि उरलेली तशीच राहिली, हा प्रकार वारंवार घडतो. इंडेक्स्ड मोड मात्र सर्व लेयरना एकदम लागू होतो. म्हणून प्रत्येक पानाला थ्रेशोल्ड लावून झाल्याची खात्री करून मगच मोड बदलावा.

*इशारा :* काळे-पांढरे झाल्यानंतर चित्राचा आकार बदलू नये आणि ते एक-दोन अंशांनी फिरवू नये. शिरोरेषेच्या पायऱ्या होतात आणि त्या पुन्हा सरळ होत नाहीत. आडवा तक्ता उभा करायचा असेल तर तो पूर्ण ९० अंशांत फिरवण्यास हरकत नाही.

*तपासणी :* चाचणी पान पडद्यावर १०० टक्के आकारात आणि मग साध्या लेझर प्रिंटरवर छापून वाचावे. गावांची ओळ आणि आकड्यांची ओळ मजकूर न टंकलेल्या व्यक्तीला वाचायला द्यावी. टंकणाऱ्याला काय लिहिले आहे हे पाठ असते, त्यामुळे त्याला चूक दिसत नाही. कागदावर क्यूआर कोड असेल तर तो छापील प्रतीवरून मोबाइलने उघडतो का हेही पाहावे.

टप्पा ८ : टिफ म्हणून जतन करणे

निर्यातीच्या चौकटीत कॉम्प्रेशन विचारले जाते. निव्वळ काळ्या-पांढऱ्या पानासाठी ग्रुप ४ निवडावे. काही सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच फॅक्स ४ म्हटलेले असते. यात अक्षराचा एकही ठिपका बदलत नाही आणि मजकुराचे ए४ पान सहसा १०० केबीच्या आत मावते. गिंपमध्ये हा पर्याय फिकट, न निवडता येणारा दिसला तर चित्र अजून एक-बिट झालेले नाही किंवा त्यात पारदर्शकतेचा थर राहिला आहे. तो अल्फा चॅनल काढून टाकला की पर्याय खुला होतो.

रंगीत किंवा करडे पान मागितले असेल तर एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन घ्यावे. फार जुन्या प्रणालीला तेही उघडत नसेल तर पॅकबिट्स किंवा कॉम्प्रेशनविरहित पर्याय घ्यावा, कारण टिफ वाचणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला हे दोन किमान वाचता येणे अपेक्षित असते. टिफच्या आत जेपीईजी कॉम्प्रेशन मात्र निवडू नये. जुन्या आणि नव्या टिफमध्ये त्याची रचना वेगवेगळी आहे, त्यामुळे फाइल आपल्याकडे उघडते आणि समोर उघडत नाही. शिवाय ते अक्षरांभोवती डाग पाडते.

अनेक पानांची फाइल करताना गिंपमध्ये लेयर जतन करण्याचा पर्याय चालू करावा, अन्यथा सर्वांत वरचे एकच पान जाते. इरफानव्ह्यूमध्ये अनेक पानांची टिफ तयार करण्याची वेगळी आज्ञा आहे. तिथे सुट्या पानांची यादी नावांच्या क्रमाने लागते, म्हणून पान १० हे पान २ च्या आधी येऊ नये यासाठी नावे ००१, ००२ अशी तीन अंकी ठेवावीत.

*इशारा :* अनेक पानांची टिफ पेंटमध्ये उघडून पुन्हा जतन करू नये. पेंट पहिलेच पान घेतो आणि बाकीची पाने त्या फाइलमधून कायमची जातात. "फक्त पाहायला उघडली आणि सवयीने जतन केली" एवढ्यावरून संपूर्ण प्रकरण नव्याने करावे लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

भारनियमनाच्या वेळेत मोठे काम लावू नये. टिफमधील पानांची सूची अनेकदा फाइलच्या शेवटी लिहिली जाते. वीज मध्येच गेली तर ती सूची लिहिली जात नाही, आणि फाइलचा आकार भरपूर दिसत असूनही ती उघडत नाही. अशी फाइल दुरुस्त करण्यात वेळ न घालवता ती पुसून नव्याने करावी.

टप्पा ९ : अट फॅक्सची, बीएमपीची किंवा पीसीएक्सची असल्यास

फॅक्ससाठीच्या टिफमध्ये पानाची रुंदी १७२८ ठिपके लागते. तिच्या उत्तम प्रतीत इंचाला आडवे २०४ आणि उभे १९६ ठिपके असतात, साध्या प्रतीत उभे केवळ ९८. साधी प्रत मराठीसाठी वापरू नये, कारण ९८ ला १२ पॉइंटच्या अक्षराला उभे जेमतेम १६ ठिपके मिळतात, म्हणजे आपण स्क्रीनशॉटपाशी परत आलो. साध्या प्रतीची फाइल काही सॉफ्टवेअरमध्ये अर्ध्या उंचीची, चपटी दिसते. तो दोष फाइलचा नसून ठिपका चौकोनी धरणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो.

बीएमपीमध्ये अनेक पाने बसत नाहीत, प्रत्येक पानाची वेगळी फाइल करावी लागते. आकाराकडे लक्ष द्यावे: ए४ पान ३०० डीपीआयला २४-बिट रंगीत बीएमपी म्हणून सुमारे २६ एमबी होते, तेच एक-बिट काळे-पांढरे केले तर सुमारे १.१ एमबी. समोरून "फाइल फार मोठी आहे" अशी तक्रार आली तर रिझोल्यूशन कमी करण्याआधी हे रंगांचे माप पाहावे. पीसीएक्सचेही तसेच आहे.

टप्पा १० : नाव, अंतिम तपासणी आणि सुपूर्त करणे

फाइलचे नाव इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांतच ठेवावे, मध्ये मोकळी जागा नसावी. जुन्या प्रणालीसाठी नाव आठ अक्षरांच्या आत आणि शेपटी तीन अक्षरांची, म्हणजे टी-आय-एफ अशी ठेवावी. मराठी नावांच्या जागी तिथे प्रश्नचिन्हे उमटतात.

मग प्रत्येक फाइल इरफानव्ह्यूमध्ये उघडून माहितीच्या चौकटीत चार आकडे पाहावेत: पानांची संख्या, ठिपक्यांतील आकार, रंगांची संख्या २ आहे का, आणि डीपीआय. शेवटचा आकडा वगळू नये. काही सॉफ्टवेअर जतन करताना डीपीआयची नोंद ७२ किंवा ९६ करून टाकतात. ठिपके तेवढेच असतात, पण छापताना प्रणाली पान ३४ इंच रुंद समजते आणि कागदावर डावा वरचा कोपराच उमटतो. ही नोंद चित्र न बिघडवता सुधारता येते, फक्त त्या वेळी ठिपके नव्याने मोजण्याचा, म्हणजे रिसॅम्पलिंगचा, पर्याय बंद ठेवावा.

समोरच्या प्रणालीत पान काळ्यावर पांढरे, निगेटिव्हसारखे उघडले, तर टिफमध्ये शून्य म्हणजे काळा की पांढरा ही नोंद तिथल्या सॉफ्टवेअरला उलटी कळली आहे. अशा वेळी आपल्या बाजूला रंग उलटे करून देण्याआधी त्यांच्याकडच्या नमुना फाइलशी तुलना करावी. नाहीतर त्यांच्याकडे सरळ दिसणारी फाइल इतर सर्वत्र उलटी दिसेल.

सगळी पाने देण्यापूर्वी एकच फाइल पाठवून ती त्यांच्या संगणकावर उघडल्याचा निरोप घ्यावा. टिफमधील मजकूर शोधता येत नाही आणि सुधारताही येत नाही, म्हणून मूळ वर्ड फाइल, टप्पा ४ मधील पीडीएफ आणि वापरलेल्या फॉन्टचे नाव व थ्रेशोल्डचा आकडा लिहिलेली एक लहान मजकूर फाइल ही तिन्ही एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवावीत. सहा महिन्यांनी "पान ७ वरचे एक नाव दुरुस्त करून द्या" अशी मागणी आली, तर त्या फोल्डरमधून तेवढे एक पान पुन्हा त्याच मापाने काढता येते.